पुजलेल्या मशिनी

"तू जरा बाहेर थांब. गुरुजी जुन्या वळणाचे आहेत."

सर हे माझ्याकडे न बघता बोलले. माझ्या हातात ओला फडका होता. सकाळी सातपासून मी लॅबमधले चोवीस मॉनिटर पुसत होते. की-बोर्ड उलटे करून त्यातला बिस्किटांचा चुरा झाडला होता. टेबलांखाली वाकून वायरींची जळमटं काढली होती. सगळं लखलखीत झालं आणि मग मी बाहेर.

"मी मानत नाही गं," सर पुढं म्हणाले. "तुला तर माहितीच आहे. पण गुरुजी..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. उरलेलं मी भरून घ्यायचं होतं. लहानपणापासून भरत आलेय, त्यामुळं मला वेळ लागला नाही. फडका बादलीत टाकला आणि दाराबाहेर चपलांच्या रॅकजवळ जाऊन उभी राहिले.

तो खंडेनवमीचा दिवस होता. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. आमच्या लातूरच्या अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर पुजायचे. प्रत्येक मशीनच्या डोक्यावर हळद-कुंकवाची बोटं, एक झेंडूचं फूल, समोर सुपारी. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला ती उतरवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी आजारी होते म्हणून प्रश्न आला नव्हता. या वर्षी मी धडधाकट होते.

मी कोण, ते सांगते. मी आयटीआयला कॉम्प्युटरचा ट्रेड केलाय. त्यानंतर चार वर्षं गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत रशीदभाईंच्या दुकानात मशिनी खोलल्या, जोडल्या, फॉरमॅट मारले. कोणत्या मशीनचा पंखा का घरघरतो ते मला आवाजावरून कळतं. या क्लासमध्ये मला घेतलं ते लॅब सांभाळायला. हजेरीपटावर मात्र माझ्या नावापुढं 'शिपाई' लिहिलं होतं. लॅब इन्चार्ज होते मामा, म्हणजे सरांच्या बायकोचे भाऊ. मॅडमचे भाऊ म्हणून सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, मग आम्हीही. म्हण आहे कामापुरता मामा. आमचे मामा कामापुरतेही नव्हते. मशीन अडकली की ते मॉनिटरला थापट मारायचे आणि मला हाक मारायचे.

मग मी तिथं का टिकले? प्रज्ञासाठी. माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. अकरावीपासून याच क्लासमध्ये होती. मी इथं काम करते म्हणून तिची फी माफ. पोरगी गणितात अशी की सर तिला फळ्याजवळ बोलवायचे. तिला इंजिनियर व्हायचं होतं. घरात दुसरं कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, मी सोडून.

तर मी रॅकजवळ उभी. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं. आणि मला आठवलं की मशिनी चालू आहेत.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी दहाला क्लासच्या शिष्यवृत्तीची परीक्षा होती. कॉम्प्युटरवर. दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या बॅचचे प्रवेश सुरू व्हायचे. कंधारपासून, हिमायतनगरपासून पालक पोरांना घेऊन एसटीनं यायचे. त्या परीक्षेसाठी मी सगळ्या मशिनींना अपडेट लावलेलं होतं. स्क्रीनवर आकडा सरकत होता आणि खाली लिहिलं होतं की कॉम्प्युटर बंद करू नका.

मामा सोवळं नेसून मेन स्विचकडं निघाले.

"मामा, बंद करू नका," मी दारातून म्हणाले. "अपडेट चालू आहे. मधेच बंद केलं तर सिस्टीम बसेल."

"तुला कुणी इचारलं? चालू हत्याराची पूजा करत असतेत का कुठं?"

"सर, अर्धा तास थांबा फक्त."

"मुहूर्त निघून चालला," सर म्हणाले.

मामांनी मेन स्विच खाली ओढला. इन्व्हर्टरचंही बटण दाबलं. चोवीस पडदे एकदम काळे झाले आणि गुरुजींनी मंत्र सुरू केले. कॉरिडॉरमध्ये बॅचची पोरं प्रसादासाठी थांबली होती. त्यात प्रज्ञा होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती जमिनीकडं बघत होती.

पूजा झाली, पेढे वाटले. मला पेढा मिळाला, कागदावर ठेवून. बाकीच्यांना हातावर दिला. मी म्हणते, एवढं लक्ष देऊ नये माणसानं. पण ज्याला कागदावर मिळतो त्याचं लक्ष जातंच.

मुहूर्तापुरत्या मशिनी चालू करून दाखवायच्या म्हणून मामांनी स्विच वर केला. चोवीसपैकी पाच चालू झाल्या. बाकीच्या एकोणीस 'दुरुस्त करतोय' म्हणायच्या, गोल फिरायच्या, काळ्या व्हायच्या आणि पुन्हा तेच. मामांनी थापट्या मारल्या. हळदीचे हात होते, मॉनिटर पिवळे झाले.

मग सर बाहेर आले. माझ्याजवळ. आवाजात एकदम साखर.

"काय करावं लागेल गं?"

"सिस्टीम नव्यानं टाकावी लागेल. बूटेबल पेनड्राइव्ह करते आणि एकेका मशीनला लावते. आत्ता बसले तर संध्याकाळपर्यंत होईल."

सर जरा घुटमळले. आत बघितलं. गुरुजी अजून पाटावर बसून होते, जेवणाची वाट बघत.

"असं कर. पेनड्राइव्ह तू इथं कर. आत मामा लावतील. पुजलेल्या मशिनी आहेत ना. तू इथनंच सांग काय काय दाबायचं ते."

मी विचारलं, "पण पूजा उतरवेपर्यंत कुणीच हात लावायचा नसतो ना, सर?"

"मामांनी पूजा केलीय. त्यांचं चालतं."

म्हणजे नियम हत्याराचा नव्हता. माझ्या हाताचा होता.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. मी गेले नाही. खाली मान घालून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझा जुना लॅपटॉप त्यावर ठेवला आणि चपलांच्या रॅकजवळ फरशीवर बसले. हे मी लपवणार नाही. मी बसले. प्रज्ञाची फी माझ्या डोळ्यांपुढं होती.

बूटेबल पेनड्राइव्ह करणं अवघड नाही. नुसती फाईल कॉपी करून भागत नाही, एवढंच. मशीन चालू होताना आधी कुठं बघायचं हे तिचं ठरलेलं असतं, आणि पेनड्राइव्हमध्ये सुरुवात करून देणारा भाग योग्य जागी बसला तरच ती त्याला ओळखते. आमच्याकडं दहा मशिनी जुन्या होत्या आणि चौदा नव्या. जुन्यांची पद्धत वेगळी, नव्यांची वेगळी. म्हणून माझ्याकडं दोन पेनड्राइव्ह असायचे. जुन्यांच्या पेनड्राइव्हला मी लाल दोरा बांधला होता. दोन्ही माझे. माझ्या पैशानं घेतलेले.

रशीदभाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते अजून करते. ते म्हणायचे, "बेटा, पेनड्राइव खाली है बोलके किसी ने दिया तो भी खोल के देखना. एक बार फॉरमॅट मारे तो फिर रोते बैठना." त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसून काम केलं. ते चहा मागवायचे तेव्हा दोन कप यायचे, एकसारखे. हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं, आणि वाटलं याची नंतर चीडही आली.

पेनड्राइव्ह उघडून बघितला. रिकामा होता. सिस्टीमची फाईल निवडली, मशीनची पद्धत निवडली, सुरू केलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. पट्टी सरकते तेव्हा करण्यासारखं काही नसतं. बसून राहायचं. माझ्या नाकासमोर पन्नास जोडी चपला होत्या. आणि मला माझे वडील, अण्णा आठवले.

भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. मोठ्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, हातभर जाडीच्या. त्या पडल्या आणि माणसं आत राहिली. आमच्या वस्तीत कुडाच्या झोपड्या. आमच्यावर पडायला दगडच नव्हते, म्हणून आम्ही वाचलो. उजाडल्यावर गावातून हाका आल्या. वस्तीतले सगळे बाप्ये गेले. अण्णांनी दोन दिवस हातांनी दगड उपसले. ज्या घराच्या ओट्यावर त्यांना कधी चढू दिलं नव्हतं, त्या घराच्या माजघरात उतरून त्यांनी मालकाच्या आईला खांद्यावर बाहेर आणलं. म्हातारी जिवंत होती. मालकाचा थोरला मुलगा मात्र मेलेला निघाला, त्यालाही अण्णांनीच काढलं. त्या दोन दिवसांत कुणी जात विचारली नाही. अण्णांच्या बोटांची नखं गेली होती.

मग पत्र्याचे शेड आले. तेराव्याला मालकाकडं जेवण होतं. अण्णांना निरोप आला म्हणून अण्णा मला घेऊन गेले, धुतलेलं धोतर नेसून. आम्ही पंगतीजवळ गेलो तसा एकजण म्हणाला, "तू तिकडं बस गड्या, त्या बाभळीखाली." नखांवर चिंध्या बांधलेल्या माझ्या बापाला. म्हातारी शेडच्या दारात बसली होती. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं. आम्हाला वरून वाढलं. पाणी ओंजळीत ओतलं, आणि चिंध्या भिजल्या.

अण्णा जेवले. वाटेत मी विचारलं, "अण्णा, आपुन कामून जेवलो?"

अण्णा म्हणाले, "भूक लागल्ती."

ते काही चुकीचं बोलले नाहीत. भूक होतीच. पण तो घास माझ्या घशाखाली आजवर उतरलेला नाही, आणि चपलांच्या रॅकजवळ बसून मी स्वतः तोच घास उचलला होता. पट्टी पूर्ण भरली. दुसरा पेनड्राइव्ह लावला, तोही झाला.

"झालं," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

"तिथं ठेव. स्टुलावर," मामा म्हणाले.

मी स्टुलावर ठेवले. मामांनी रुमालानं उचलले, रुमालानंच पुसले. गुरुजींनी आतून तांब्या पुढं केला. मामांनी तांब्यात दोन बोटं बुडवून पेनड्राइव्हवर पाणी शिंपडलं. मशीनला लावायच्या वस्तूवर, पाणी. कॉरिडॉरमध्ये पोरं हसली. काही पोरं मामांना हसली असतील. काही मला. मी मागं वळून बघितलं नाही.

"वाळू द्या," मी म्हणाले. "नाहीतर पोर्ट जळेल."

"आता मला शिकवून राहिली का तू?" मामा म्हणाले. ते हिमायतनगरकडचे. रागावले की बोली घट्ट व्हायची. पण वाळवले मात्र.

मग तमाशा सुरू झाला. मी दाराबाहेर, ते आत. "चालू होताच एफ-बारा दाबा, म्हणजे ती पेनड्राइव्हवरून सुरू होईल." मामा उशिरा दाबायचे, मशीन पुढं निघून जायची. "त्या मशीनला एफ-बारा नाही, एफ-नऊ." मामा एफ शोधायचे, मग नऊ शोधायचे. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह नव्या मशीनला लावायचे आणि म्हणायचे, तुझा पेनड्राइव्हच खराब हाय. तासाभरात एक मशीन झाली नाही. सर घड्याळ बघत होते. परगावच्या पालकांचे फोन येत होते.

शेवटी मामा कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनकडं गेले. ती आमची मुख्य मशीन. तिच्यात दोन डिस्क. एकीवर सिस्टीम, दुसरीवर पोरांचे वर्षभराचे पेपर, गुण, सगळं. या वेळी एफ-बारा नेमका लागला. पडद्यावर डिस्कची यादी आली.

"सगळं डिलीट मारतो. एकदाच स्वच्छ होऊन जाईल," मामा म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले. "दुसऱ्या डिस्कला हात लावू नका. पोरांचं वर्षभराचं सगळं जाईल. परत येणार नाही."

मामांचं बोट थांबलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तो पुसला आणि माझ्याकडं बघून हसले. मनापासून हसले, खोटं नाही सांगत.

"बघ. तुझ्यावाचून आमचं पान हलत नाही. म्हणून तर तुला मी घरातली समजतो. हं, आता सांग पुढं, तिथनंच."

घरातली. तिथनंच. एका दमात.

मी उंबरा ओलांडला. चपला काढल्या होत्या, पण त्याही घालून जायला हव्या होत्या असं आता वाटतं. गुरुजींनी धोतराचा सोगा आवरून घेतला. मामा खुर्चीवरून उठलेच. मी मुख्य मशीन बंद केली आणि पेनड्राइव्ह उपसला. टेबलावरचा लाल दोऱ्याचाही उचलला. दोन्ही मुठीत धरले.

"हे माझे आहेत," मी म्हणाले. "काम करून देते. सगळ्या मशिनी सहापर्यंत चालू करते. पण या खुर्चीवर बसून. आणि सर, तुम्ही या पोरांसमोर सांगायचं की ही लॅब कोण सांभाळतं. हजेरीपटावरही तेच लिहायचं. एवढं करा."

सरांनी माझ्याकडं बघायला हवं होतं. ते गुरुजींकडं बघत होते.

"गुरुजी अर्ध्या तासात जातील," सर हळूच म्हणाले. "ते गेले की आत ये. मागच्या दारानं ये, म्हणजे बोभाटा नको."

"नाही."

"हट्ट करू नको. प्रज्ञाचा विचार कर जरा."

ही धमकी होती. इतक्या मायेनं दिलेली धमकी मी आधी ऐकली नव्हती. मी दाराकडं बघितलं. प्रज्ञा पोरींच्या पुढं येऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं ती म्हणेल, चल ताई. ती म्हणाली, "ताई, कर ना. अर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय."

मला तिचा राग आला नाही. सतरा वर्षांची पोर. तिला इंजिनियरिंगची सीट दिसत होती. अण्णांना भूक दिसत होती तशी. पण मला दुसरं काहीतरी दिसत होतं. आज मी मागच्या दारानं आत आले तर उद्या ती इंजिनियर होईल आणि तिलाही मागचं दार दाखवतील, आणि तिला वाटेल की दार असंच असतं.

मी पेनड्राइव्ह ओढणीच्या टोकाला बांधले, लॅपटॉप पिशवीत घातला आणि जिना उतरले. पुन्हा त्या जिन्यानं वर गेले नाही.

पुढं काय झालं? काही नाही झालं. क्लास कोसळला नाही. सरांनी सोलापूरहून माणूस बोलावला. दसऱ्याला परीक्षा तीन तास उशिरा झाली, पालकांना सांगितलं लाइट गेली होती. प्रवेश भरपूर झाले. फसलो ते आम्हीच. पुढच्या महिन्यात प्रज्ञाला सांगितलं की सवलतीचं धोरण बदललंय. ती घरी अभ्यास करत राहिली, जुन्या पुस्तकांवर. रशीदभाईंनी दुकानातला एक कॉम्प्युटर दुपारचा तिला दिला. थोड्या गुणांनी तिची इंजिनियरिंगची सीट हुकली. आता ती नांदेडला बीएस्सी करते.

शेवटी आम्हा दोघींनाही न्याय मिळाला असं सांगता आलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तसं नाही. मी आता रशीदभाईंच्या शेजारी लहानसं दुकान टाकलंय. मशिनी दुरुस्त करते. कुणाच्या ऑफिसात गेले आणि "बाहेरच बसून करा" म्हणाले की पिशवी उचलते. लोक म्हणतात बाई तिरसट आहे. हाव, आहे.

गेल्या दिवाळीला प्रज्ञा आली होती. जेवताना ती अचानक म्हणाली, "ताई, एक खरं सांग. त्या दिवशी तुला मान पायजे होता. मला सीट. माझी सीट जाणार हे तुला ठाऊक होतं का?"

"होतं," मी म्हणाले.

"पुन्हा तसंच झालं तर?"

अण्णा ताटावरून मान वर करून आमच्याकडं बघायला लागले. मी घास खाली ठेवला. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. तिची दोन वर्षं, रात्रंदिवस केलेला अभ्यास, सगळं मला दिसत होतं. माफी मागितली असती तर ती रडली असती आणि आमचं सगळं निभावून गेलं असतं.

"पुन्हा पेनड्राइव्ह उचलीन आणि चालायला लागीन," मी म्हणाले.

ती ताट तसंच ठेवून उठली. परसात जाऊन हात धुवत बसली, बराच वेळ. मी तिच्या मागं गेले नाही. ती मला माफ करील की नाही, मला माहीत नाही. करावं असं मी तिला म्हणणार नाही. पण कुणाच्या उंबऱ्याबाहेर बसून माझ्या हाताचं काम मी दुसऱ्याच्या हाताला देणार नाही. पोटासाठी नाही. माझ्या बहिणीसाठीसुद्धा नाही.